पाठीवरचा वारा जाणवत का नाही?

पावसाळ्यात साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून सायकलवर कासला निघालं, की नैर्ऋत्येचा वारा बहुतेक वेळ तोंडावर असतो. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा लागला, तर हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. तो सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. परतताना, वेग तोच धरला, तर पाठीवरच्या त्याच वाऱ्याने विरोध पाव होतो. इतकी मोठी मदत, पण ती कानात घोंघावत नाही. अडथळ्याशी झगडावं लागतं म्हणून मन तिकडे वळतं, मदतीसाठी काहीच करावं लागत नाही.

शाई डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हाच कल माणसांच्या हिशेबात दाखवला. आई-वडील कुणाशी जास्त कडक वागले, यावरही थोरल्या-धाकट्या भावंडांची मतं आपापल्या बाजूने झुकलेली निघाली.

यात भर पडते सवयीची. साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, की पहिल्या काही दिवसांत प्रत्येक हात दिसतो: खोली शोधून देणारा सहकारी, डब्याची सोय सांगणारी शेजारीण, शेवटच्या एसटीची वेळ बजावणारा कंडक्टर. हळूहळू हे सगळं ‘असतंच’ होऊन जातं, आणि रस्त्यावरचे खड्डे मात्र रोज नवे वाटतात. म्हणून मिळालेल्या मदतीची, म्हणजे कृतज्ञतेची, वहीत नोंद करायची तर बदल ताजा असतानाच सुरू करावी.

नोंदीचा गाजलेला प्रयोग रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांचा, २००३ मधला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा, १० आठवडे, एकाने कृतज्ञता वाटलेल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा व्यायामही जास्त करत होता. पुष्कळ लेखांत इथेच टाळ्या पडतात. पण कटकटी उगाळणाऱ्यांशी तुलना केली की फरक मोठा दिसणारच.

घरी करायचं तर रविवारी रात्री १५ मिनिटं पुरतात. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कुणी, नेमकं काय केलं आणि त्यासाठी त्या माणसाला काय सोडावं लागलं. ‘नोकरी, कुटुंब, तब्येत’ अशी यादी दोन आठवड्यांत पाढ्यासारखी होते आणि परिणाम संपतो. रोज लिहिण्याचा हट्टही बहुधा तिथेच नेतो; सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात अशा चांगल्या गोष्टी आठवड्यातून तीनदा मोजणाऱ्यांपेक्षा एकदाच मोजणाऱ्यांना फायदा झाला. नोंदी आटल्या तर उलट बाजूने लिहावं: ही गोष्ट घडलीच नसती, तर ती कशी हुकली असती? त्या सहकाऱ्याने त्या दिवशी रजा घेतली असती तर? मिन्क्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की चांगली गोष्ट आठवण्यापेक्षा ती वजा करून पाहिल्याने मन जास्त उजळतं.

‘आपल्यापेक्षा वाईट स्थितीतले किती आहेत’ हा विचार मात्र यात आणू नये. त्यात दुसऱ्याचं दुःख मोजपट्टी होतं, मदत करणारा दिसतच नाही. थकलेला पगार किंवा लादलेली जादा पाळी यांवर ही वही उत्तर नाही, तिथे तक्रारच करावी. आजारावरही नाही: २७ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम छोटाच निघाला. कित्येक दिवस झोप, भूक, उमेद हरवली असेल तर डॉक्टरांकडे जावं. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

वहीतलं एखादं नाव त्या माणसापर्यंत पोचवायलाही हरकत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहून घेतली. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून ते बरंच कमी झालं, आणि आनंद अंदाजापेक्षा जास्त. लिहिणारा आपले शब्द नीट जमलेत का ते तपासत बसतो, वाचणाऱ्याला त्यातली माया दिसते. मजकूर दोन ओळींचा चालतो: तुम्ही अमुक केलंत, त्यामुळे माझं अमुक सोपं झालं.