कुत्र्याचा खाऊ कमी करण्याच्या वादामागे

कुत्र्याला शिकवताना बक्षीस म्हणून दिलेला खाऊ कधी आणि किती कमी करायचा, यावर वाद आहे. पाळीव कुत्र्यांच्या प्रशिक्षण वर्गांत हा खाऊ रुळला तो १९८०नंतर. त्याआधी पोलीस-लष्करातून आलेली साखळीच्या झटक्याची शिस्त होती. १९१०च्या एका जर्मन पुस्तिकेने तिला बांधीव रूप दिलं होतं. कुत्रा बरोबर वागताच ‘टक’ वाजवून बक्षीस येतंय हे कळवणारी छोटी डबी, म्हणजे क्लिकर, पसरला १९९०च्या दशकात. ‘बिस्कीट असेल तरच ऐकतो’ ही सांगली-साताऱ्यातली तक्रार मात्र फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर आल्यानंतरची.

घोळ आहे तो खाऊ कधी आटवायचा याचा. अधूनमधून बक्षीस मिळालेली सवय बक्षीस थांबल्यावरही जास्त टिकते, हे प्रयोगशाळेत उंदीर-कबुतरांवर दिसलं. १९५७मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ निघाला. प्रशिक्षकांनी त्यातून ‘कधी द्या, कधी नको’ हा नियम उचलला. घरोघरी तो घाईने लागू झाला. ‘बस’ची सवय अजून कच्ची, तोच खाऊ बंद, मग कुत्रा दुसरीकडे बघतो आणि मालक त्याला हट्टी ठरवतो. उलट मत असं की दर वेळी काहीतरी द्यावंच, विशेषतः नव्या जागी. दोन्ही बाजू किती वेळा द्यायचं यावरच भांडतात. माझ्या मते दोष खाऊ आधी दाखवण्यात आहे. मुठीत बिस्कीट धरून बसवलेला कुत्रा मूठच वाचायला शिकतो. दोन-चार वेळांनंतर तीच खूण रिकाम्या हाताने करावी आणि तो बसल्यावर खाऊ फडताळातून काढून द्यावा. पुढे दार उघडणं, चेंडू, वास घेत भटकायची मोकळीक हेही बक्षीस म्हणून चालतं. पोलिसांची कितीतरी कुत्री चेंडूवरच काम करतात.

माण, आटपाडी, जतकडच्या मेंढपाळांना हा प्रश्नच पडला नाही. पिल्लू मोठ्या कुत्र्यांबरोबर कळपात राहून शिकतं. भाकरी मिळते, पण ती राखणीची मजुरी नव्हे. सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या मुधोळ हाउंड या शिकारी कुत्र्याला तर धावणं हाच मोठा आनंद. वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद झाली, पळायची ओढ गेली नाही.

लॅब्रॅडॉरचं वेगळं. २०१६च्या एका संशोधनात सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल आढळला. अशा खादाड कुत्र्यावर जमलेला बिस्किटांचा धडा जतच्या माळावरच्या मुधोळला दिला, तर तो बिस्कीट हुंगून पुढे निघतो.