टॅक्स फेसावर, साखर मोकाट

पोरगं गुटगुटीत असलं की आजी म्हणते छान बाळसं धरलंय, आणि तेच पोरगं आठवी-नववीत गेलं की सगळे त्याच्या ताटात डोकावायला लागतात, जरा कमी खा रे. म्हणजे चूक एकतर पोराची नाहीतर आईची! पण आपण इंदूरवाले, आपल्याला तरी कळायला हवं की नुसत्या उपदेशाने काही होत नाही. कचरा वेगळा करा म्हणून कितीही सांगितलं तरी कोण ऐकत होतं, रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली, दंडाची भीती बसली, तेव्हा 2017 मध्ये स्वच्छतेत पहिला नंबर आला.

आता दुकानातला आंब्याच्या ड्रिंकचा 200 मिलीचा पॅक घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. 100 मिलीला 12-13 ग्रॅम साखर असेल तर एका पॅकमध्ये झाली 25 ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे. डब्ल्यूएचओ म्हणतं वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या 10 टक्क्यांहून कमी कॅलरी याव्यात, 5 टक्क्यांच्या आत राहिलं तर आणखी चांगलं, आणि दहा वर्षांच्या मुलाला 5 टक्के म्हणजे साधारण 20 ग्रॅम, मधल्या सुट्टीतच कोटा संपला की! त्यात प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे घरी येऊन पोरगं जेवतं तेवढंच, ही साखर वरची.

गंमत बघा, सप्टेंबर 2025पासून फेसाळणाऱ्या कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे, मग त्यात साखर असो की शुगर-फ्री असो, रेट एकच. आणि आंब्याच्या ड्रिंकवर 5 टक्के, कारण त्यात फळाचा रस आहे आणि गॅस नाही. साखर किती हे कुणी विचारतच नाही, मग कंपनी ती कमी कशाला करेल?

ब्रिटनने हेच नीट केलं. 100 मिलीला साखर 5 ग्रॅमच्या खाली असेल तर टॅक्स नाही, 5 ते 8 मध्ये सुरुवातीला लिटरमागे 18 पेन्स होता, 8 आणि वर 24 पेन्स. लागू झाला एप्रिल 2018 मध्ये, पण घोषणा 2016 मध्येच झाली होती, त्यामुळे कंपन्यांनी आधीच रेसिपी बदलल्या, तिथल्या फँटातली साखर 6.9 वरून 4.6 ग्रॅमवर आली. ग्राहकाला काही सोडावं लागलं नाही. केंब्रिजच्या संशोधकांना 2023 मध्ये दिसलं की 10-11 वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, टॅक्स नसता तर जेवढा असता त्यापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी होता. मुलांमध्ये मात्र फरक दिसला नाही, म्हणजे जादूची कांडी नाहीये ही.

नियम आपल्याकडेही आहेत. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमाप्रमाणे जास्त साखर, मीठ, फॅटचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. आता कुठल्याही शाळेच्या गेटवर उभं राहून पन्नास पावलं चाला, चिप्सच्या माळा लटकलेल्या दिसतात की नाही ते स्वतःच बघा.

आणि हो, आपल्या सराफ्याच्या खाऊबाजारातल्या जलेबीवर टॅक्स लावा असं कुणी म्हणत नाहीये, ती रोज डब्यात जात नाही, पॅक जातो. त्यासाठी जीएसटीत ग्रॅमप्रमाणे स्लॅब हवेत, आणि रेट सुचवणाऱ्या कौन्सिलमध्ये राज्यांचे मंत्रीही बसतात, आपल्या मध्य प्रदेशचेसुद्धा.