उंबरठ्याच्या आतला धूर

बेलमॉन्ट हे कॅलिफोर्नियातलं, सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेचं छोटं शहर. २००६ साली तिथल्या वृद्धांसाठीच्या एका इमारतीतले भाडेकरू नगर परिषदेकडे गाऱ्हाणं घेऊन गेले: शेजारी सिगारेट ओढतात आणि धूर आमच्या खोलीत येतो. परिषदेने ऑक्टोबर २००७ मध्ये नियम मंजूर केला. घरांसाठी त्याचा अंमल जानेवारी २००९ पासून सुरू झाला. ज्या घराचं छत किंवा जमीन दुसऱ्या घराला लागून आहे, तिथे धूम्रपान बंद. स्वतंत्र बंगल्यात मुभा कायम.

तोवर विमानं, कचेऱ्या, हॉटेलं यांत बंदी येऊन झाली होती, पण ‘माझ्या घरात मी काहीही करीन’ यापुढे कायद्याचं पाऊल अडायचं. वास्तविक भिंत दिसते तेवढी भरीव नसतेच. स्विचबोर्डमागची पोकळी, सिंकखाली पाइपाभोवतीचं भोक, दाराखालची फट, बाथरूमची डक्ट, कुठूनही धूर येतो. त्यामुळे स्वतःच्या घरात कुणालाही सिगारेट पेटवू न देणाऱ्यांनाही तो चुकत नाही, आणि अशा नियमाला पाठिंबा मिळतो तो बहुतेक याच रहिवाशांचा. २००६ च्याच अहवालात अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख प्रवक्त्यांनी, सांगितलं, की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी पातळीच नाही आणि हवा खेळती ठेवूनही धोका टळत नाही. ‘खिडकी लावून घ्या’ या सल्ल्यात मग काही दम उरला नाही.

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २००९ मध्ये सरकारी वसाहतींना धूम्रपानबंदीची नुसती शिफारस केली. सक्ती आली डिसेंबर २०१६ च्या नियमाने: घरात, जिन्यात आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत बंदी, आणि ती ३० जुलै २०१८ पर्यंत लागू करायची. ई-सिगारेट मात्र सुटली. सरकारी घरात राहणाऱ्या गरिबावरच ही सक्ती का, हा तेव्हाचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. शिकागोच्या थंडीत दहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने दर सिगारेटला खाली उतरायचं, हे लिहायला सोपं.

आपल्याकडची वाट मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवरून गेली. २ नोव्हेंबर २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २ ऑक्टोबर २००८ चे नियम, दोनशे रुपयांपर्यंत दंड, हे सारं सार्वजनिक जागेपुरतं. फ्लॅटच्या दाराआड यातलं काही पोहोचत नाही. खालच्या बाल्कनीतला धूर वर आला, की तक्रार जाते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि तो म्हणतो, ‘तुम्हीच बोलून बघा ना त्यांच्याशी.’