उजनीत बुडालेलं जुनं पळसदेव, बघायला जायच्या आधी थोडी माहिती

एप्रिल संपत आला की पुण्यातल्या घराघरातल्या ग्रुपवर पळसदेवच्या देवळाचे फोटो फिरायला लागतात, मग रविवारी पहाटे गाडी काढायची आणि हडपसर, यवत, भिगवण करत इंदापूरच्या अलीकडे पोचायचं असे बेत ठरतात. आम्ही पण २०२४ च्या मे महिन्यात तसेच गेलो, आई, बायको आणि दोन पोरं. धाकट्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं की आपण भुतांचं गाव बघायला चाललोय. आईला ते अजिबात आवडलं नाही, म्हणाली अरे ती माणसं हायवेच्या पलीकडेच राहतायत, भुतं काय म्हणतोस. खरंय तिचं, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

भीमेवरच्या उजनी धरणाचं भूमिपूजन ७ मार्च १९६६ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं, म्हणून जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. प्रत्यक्ष काम १९६९ ला सुरू होऊन १९८० ला संपलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पण पाणी मागे पसरलं ते करमाळ्यात आणि आपल्या इंदापूर-दौंडकडे. इथं कोयनेसारखे उंच डोंगर नाहीत पाणी अडवून धरायला, सगळा सपाट मुलूख, त्यामुळे पाणी खोल जायच्या ऐवजी आडवं पसरलं आणि नदीकाठची सगळ्यात चांगली काळी जमीन आणि तिथली गावठाणं आधी गेली. पुणे ते डिकसळ रेल्वे १८५८ पासून होती, तिचा पुढचा मार्गसुद्धा हलवावा लागला, आणि डिकसळजवळचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल पुढं कित्येक वर्षं गावकऱ्यांनी रस्ता म्हणून वापरला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ ला, म्हणजे काम सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पळसदेवची माणसं उठून हायवेच्या बाजूला नव्या गावात आली, तिथं देऊळ पण नवीन बांधलं. जुनं पळसनाथाचं देऊळ मात्र तिथंच राहिलं. खाली हेमाडपंती दगडी काम, वर विटा आणि चुन्याचं शिखर. इतकी वर्षं पाण्यात राहून त्या विटा अजून धरून आहेत, जवळ गेलं की सांध्यांमध्ये वाळलेला गाळ आणि बारीक शिंपले अडकलेले दिसतात, एका खांबाला तुटलेलं मासेमारीचं जाळं गुंडाळलेलं होतं. आजूबाजूला वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत गेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. आणि घरांची जोती, ती तर सरळ ओळखू येतात, इथं उंबरा, इथं ओसरी. आई एका जोत्यावर बराच वेळ बसून राहिली, पोरांना सांगत होती की चप्पल काढा, कुणाचं तरी घर आहे.

आता देऊळ काही वर्षी दिसतं आणि काही वर्षी नाही असं का, तर बातम्यांमध्ये उजनी मायनसमध्ये गेलं असं ऐकतो ना, ते. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास आहे, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. टक्के मोजतात ते वरच्या उपयुक्त साठ्याचे, म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, त्याच्या खालीही निम्म्याहून जास्त पाणी असतं, फक्त ते उपयुक्त साठ्यात धरत नाहीत. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी खालचंही पाणी वापरतात, वर काठावरच्या उसाच्या मोटारी. २०२३ च्या पावसात धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या जूनपर्यंत ते उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. पर्यटकांना देऊळ सगळं दिसलं म्हणजे तिकडच्या माणसाचं ते वर्ष वाईट गेलं, हे लक्षात ठेवून फोटो काढावेत असं मला वाटतं.

अजून एक, पाणी मध्यम असेल तेव्हा होडीनं जावं लागतं. आम्ही येऊन गेलो त्याच महिन्यात, २१ मे ला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. ती फिरायला निघालेली बोट नव्हती, धरणानं दोन काठ लांब केल्यापासून लोकांचं रोजचं जाणं-येणंच तसं आहे. लाईफ जॅकेट नसेल तर पोरांना घेऊन बसू नका, वारा सुटला असेल तर नाहीच.

आणि हे पाणी येतं कुठून, तर बरंचसं आपल्याकडूनच. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या शेवटी भीमेला जातात. त्या जुलैत खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला, आम्ही टीव्हीवर बघत होतो तर धाकटा एकदम म्हणाला, आजी, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलं असेल का गं पाणी? ऑगस्टमध्ये उजनी भरलं.