बाथरूमची फरशी बद्द वाजतेय?

अंघोळीला बसलं की पाटाखालची फरशी डुगडुगते, भरलेली बादली टेकवली की सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडते. जुन्या इमारतींमधून आम्हाला येणारे फोन बहुधा असेच असतात. त्याआधी घरात कुणीतरी फटीत पांढरं सिमेंट भरून पाहिलेलं असतं. फरशीची पकड खालून गेलेली असल्यामुळे ते थोड्याच दिवसांत निघून येतं.

बोलावण्याआधी एक करा. रुपयाच्या नाण्याने किंवा पेचकसाच्या मुठीने प्रत्येक फरशी वाजवून पाहा. बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा. पाणी जायच्या जाळीजवळ दोन-चार फुल्या असतील तर काम छोटं. निम्म्याहून जास्त असतील तर ठिगळं लावण्यात पैसे घालवू नका. आम्हीही ते काम घेत नाही.

जुन्या बाथरूममध्ये बऱ्याचदा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांची भर केलेली असते. दरजांमधून पाणी झिरपलं की ती भर कायम ओली राहते आणि फरशीखालचा सिमेंट-वाळूचा माल भुसभुशीत होतो. डाग घालवायला ओतलेलं अ‍ॅसिड तर दरजांतलं सिमेंटच खातं. (अ‍ॅसिड बंद करा, ही आमची फुकटची सूचना!) कधी दोष मूळ कामातच असतो. परवा एक फरशी उचलली, तर चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे आणि मधल्या पोकळीत झुरळांचा संसार.

त्यामुळे आधी ओल कुठून येते ते बघतो. बाथरूम दोन दिवस न वापरताही खालच्या घराच्या छतावरची ओल वाढत असेल, तर संशय नळाच्या पाइपवर. मग प्लंबर आधी, गवंडी नंतर.

सैल फरशी छिन्नीने अलगद सोडवतो, खालचा कुजका माल घट्ट थर लागेपर्यंत काढतो, नवा माल धरावा म्हणून टाचे (खाचा) मारतो आणि नहाणी ट्रॅपभोवतीचा (जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याभोवतीचा) सांधा तपासतो. वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन ते वाळल्यावर टाइल अ‍ॅडहेसिव्ह फरशीच्या पूर्ण पाठीला लावून ती बसवतो. उतार जाळीकडेच हवा. दोन फरश्यांत 2 ते 3 मिमी फट ठेवून दुसऱ्या दिवशी ती इपॉक्सी ग्राउटने (फटी भरायच्या रेझिनच्या मसाल्याने) भरतो. व्हाइट सिमेंट स्वस्त पडतं, पण रोज भिजणाऱ्या जागेत आम्ही ते वापरत नाही. ग्राउट पक्कं झालं की जाळीला बोळा लावून 24 तास पाणी तुंबवून ठेवतो आणि खालच्या घरात जाऊन छत पाहतो.

जुन्या 8 इंची फरश्या आता सहसा मिळत नाहीत. माळ्यावर उरलेल्या चार असतील तर शोधून ठेवा. नसतील तर वेगळ्या रंगाची सरळ एक पट्टी करू, ती जुळवाजुळवीपेक्षा बरी दिसते.

आम्ही येणार त्याच्या आदल्या रात्रीपासून बाथरूम कोरडं ठेवा. आणि खालच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवा, ठोकाठोकी सकाळी दहाला सुरू होते.