दंडावरची काळी फीत, गेटवरचा काळा रुमाल

काळ्या फितीचा अर्थ नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चे निघतात ते यशवंत स्टेडियमवरून, म्हणजे मैदानावरूनच. त्याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या खात्याचे कर्मचारी काळ्या फिती लावून कामावर येतात. संप नाही, रजा नाही, पगार कापला जात नाही, पण निषेध नोंदला जातो. १ मेला वेगळ्या विदर्भाचे समर्थक काळा दिवस पाळतात, तेव्हाही रंग तोच. क्रिकेटमध्ये मात्र ही फीत सुतकाची. खेळाडूच्या दंडावर काळी पट्टी दिसली की समालोचक सांगतो, अमुक माजी खेळाडू वारले. मैदानावरच्या राजकीय निषेधावरून गेल्या वीस-बावीस वर्षांत झालेले बरेचसे वाद या एकाच वस्तूच्या दोन अर्थांत अडकले आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात. मुंबईची धर्मवार संघांची स्पर्धा, सविनय कायदेभंगाच्या वर्षांत पडलेला तिचा खंड आणि १९४६ नंतर तिचे बंद होणे हे सर्वांना ठाऊक आहे. कमी आठवले जाते ते १९२० साल. हिंदू संघात एका दलित फिरकी गोलंदाजाला कर्णधारपदापासून दूर ठेवले, म्हणून त्याच्या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. त्यांतलाच एक भाऊ १९२३ मध्ये त्या संघाचा कर्णधार झाला. मराठी मुलखात खेळाडूने खेळाडू म्हणून केलेला निषेध शोधायचा तर सुरुवात इथून करावी.

पुढची काही दशके निषेध बाहेरच्यांनी केला, आणि फावड्याने केला. १९९१ च्या ऑक्टोबरात वानखेडेची खेळपट्टी उकरली गेली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटल्यावर तेच घडले. यातले खरे नुकसान खड्ड्याचे नसते. २२ यार्डांचा तो पट्टा चिकणमातीचे थर ओले करून, रोलर फिरवून, वाळवून घट्ट केलेला असतो. खड्ड्यात नुसती नवी माती भरली की ती सुकताना आकसते आणि जुन्या मातीच्या सांध्यावर चीर पडते. त्या चिरेवर पडलेला एक चेंडू घोट्याशी सरपटतो, दुसरा छातीवर येतो. म्हणून खड्ड्याच्या कडा तासायच्या, खालचा थर खरवडून ओला करायचा, पातळ थर देत पुन्हा रोलर फिरवायचा. या कामाला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तेल ओतले तर तेवढी माती काढूनच टाकावी लागते. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हेडिंग्लेवर एका कैद्याच्या सुटकेसाठी खड्डे करून तेल ओतले गेले आणि ऑस्ट्रेलिया ४४५ चा पाठलाग करताना ३ बाद २२० वर असलेली कसोटी तिथेच सोडून द्यावी लागली.

१९९९ मध्ये कसोट्यांचा क्रम बदलला, चेन्नईची आधी आणि दिल्लीची नंतर. चेन्नईत पाकिस्तान १२ धावांनी जिंकला आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. फावडे मारणारे लोकभावनेच्या नावाने बोलत होते. तिकीट काढून आलेल्या लोकांची भावना काही वेगळीच निघाली. (नागपूरची २००४ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी इथे हमखास आठवते. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या (व्हीसीए) जुन्या मैदानावर पाहुण्यांच्या वेगवान गोलंदाजांना सोयीची हिरवीगार खेळपट्टी, कर्णधार ऐनवेळी बाहेर, ३४२ धावांनी पराभव. ते गवत म्हणजे मंडळाच्या राजकारणातला निषेध होता, अशी कुजबुज शहरात खूप झाली. ती कुजबुजच राहिली.)

फितीचा अर्थ पहिल्यांदा उलटला तो १० फेब्रुवारी २००३ ला, हरारेत. विश्वचषकाच्या सामन्यात झिम्बाब्वेचे दोन खेळाडू, एक गोरा फलंदाज आणि एक कृष्णवर्णीय वेगवान गोलंदाज, दंडावर काळी पट्टी बांधून उतरले. निवेदनात त्यांनी म्हटले की आम्ही देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक करतो आहोत. युक्ती पाहा: नियमाला मान्य असलेली शोकाची भाषा घ्यायची आणि तिच्यात मयत म्हणून लोकशाही बसवायची. पुढच्या सामन्यांत काही प्रेक्षकांनीही फिती लावल्या. दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेबरोबर संपली.

यानंतर क्रिकेटच्या जागतिक परिषदेचे (आयसीसी) कपडे आणि साहित्याविषयीचे नियम चर्चेत येऊ लागले. त्यांचा गाभा साधा आहे. कपड्यावर किंवा साहित्यावर वैयक्तिक संदेश हवा असेल तर आधी परवानगी घ्यायची, स्वतःच्या मंडळाची आणि परिषदेचीही. राजकीय, धार्मिक किंवा वांशिक कारणांसाठीच्या संदेशाला ती मिळत नाही. पहिल्या चुकीला ताकीद, पुढे दंड. गोची आहे ती ‘राजकीय’ या शब्दात. २०१४ मध्ये इंग्लंडचा एक अष्टपैलू भारताविरुद्ध साउदम्प्टनला गाझाच्या समर्थनाचे मनगटी पट्टे घालून खेळला. त्याच्या मंडळाला ते मानवतावादी वाटले, सामनाधिकाऱ्याला राजकीय. पट्टे उतरले.

२०१९ चा क्रम जामठ्याच्या, म्हणजे नागपूरच्या नव्या मैदानाच्या, प्रेक्षकांना जवळचा आहे. २४ फेब्रुवारीला विशाखापट्टणमला पुलवामाच्या शहिदांसाठी भारतीय संघाच्या दंडावर काळ्या फिती होत्या. ५ मार्चला जामठ्यात भारत ८ धावांनी जिंकला. ८ मार्चला रांचीत संघ लष्करी छापाच्या टोप्या घालून उतरला आणि सामन्याचे मानधन संरक्षण निधीला दिले. टोप्यांना परवानगी आधी घेतलेली होती, त्यामुळे पाकिस्तानचा आक्षेप टिकला नाही. तीनच महिन्यांनी विश्वचषकात भारतीय यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजवर निमलष्करी नव्हे, थेट लष्करी पॅरा दलाचे बलिदानचिन्ह दिसले, आणि तिथे परवानगी नाकारली गेली. ग्लोव्हजवर ते बनवणाऱ्या कंपनीच्या खुणांपलीकडे काही चालत नाही, हे त्यामागचे तांत्रिक कारण. घराघरांत टीव्हीसमोर मात्र वाद देशभक्तीचा झाला; ग्लोव्हजचे कलम कोणी वाचले नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचे प्रकरण डिसेंबर २०२३ चे, पर्थचे. ऑस्ट्रेलियाच्या सलामीवीराने बुटांवर दोन वाक्ये लिहिली: सगळे जीव समान आहेत, आणि स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे. कुठल्या देशाचे नाव नाही, पण रोख गाझाकडे. तरी मनाई झाली. मग त्याने अक्षरांवर टेप लावली आणि दंडावर काळी फीत बांधली. फीत वैयक्तिक दुःखाची आहे, असे त्याने सांगितले. परिषदेने ताकीद दिली. परवानगी घेतली नव्हती हे कारण. पुढच्या कसोटीसाठी त्याने शांततेच्या कबुतराचे चित्र मागितले, तेही नाकारले. त्याच संघातल्या दुसऱ्या फलंदाजाच्या बॅटवर बायबलच्या वचनाशी जोडलेला गरुड मात्र बिनधास्त होता. शेवटी सलामीवीराने बुटांवर आपल्या मुलींची नावे लिहिली.

डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला भारतीय संघाने माजी पंतप्रधानांच्या निधनानिमित्त काळ्या फिती लावल्या. कोणी हरकत घेतली नाही, घ्यायलाही नको होती. पण मग राजकारणी माणसाच्या मृत्यूचा शोक राजकीय नाही आणि नाव न घेतलेल्या मृतांचा शोक राजकीय, असा नियमाचा व्यवहारातला अर्थ होतो. मंडळ पाठीशी असेल तर भावना, खेळाडू एकटा असेल तर राजकारण. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत हेही थोडे हलले: भारतीय संघाने पाकिस्तानशी हस्तांदोलन टाळले, कर्णधाराने विजय सैन्याला अर्पण केला, आणि मंडळ सोबत असूनही कर्णधाराच्या मानधनातून ३० टक्के कापले गेले.

प्रेक्षकाला हे नियम लागू नाहीत. त्याला लागू होतात तिकिटामागच्या अटी आणि पोलिसांची तपासणी. तिरंगा चालतो, दांडा चालत नाही. राजकीय किंवा धार्मिक मजकुराचे फलक बाहेर. प्रायोजकाचे चौकार-षटकाराचे कार्ड आत मिळते, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने काय लिहिले हे कॅमेऱ्याच्या आधी बंदोबस्तावरचा हवालदार वाचतो. तणावाच्या दिवसांत काळा टी-शर्ट किंवा काळा रुमालही अडतो. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईतल्या आयपीएल सामन्याला, कावेरीच्या पाण्यासाठीच्या आंदोलनावेळी, काळ्या रंगावरच नजर होती. काळ्या कापडाचा जो निकाल परिषदेकडे आठवडाभरातही लागत नाही, तो गेटवर अर्ध्या मिनिटात लागतो. जामठ्याला वस्तू काढून घेतली तर ठेवायला जागा मिळेल असे धरू नये. मेट्रो खापरीला संपते आणि गाडी लावलेली असते दूर.

चेन्नईत २०१८ च्या त्या सामन्यात मैदानावर बूट भिरकावला गेला, आणि चेन्नईच्या संघाचे उरलेले घरचे सामने पुण्याला गेले. नागपूरने याची उलटी बाजू २०१६ मध्ये पाहिली. दुष्काळात १२ एप्रिलला पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर घेऊन लातूरला पोहोचली. १३ एप्रिलला उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. जामठ्याचे ३ सामने मोहालीला नेण्याची तयारी तर आधीच दाखवली गेली होती. हिशेब साधा आहे: ७० मीटर त्रिज्येच्या मैदानावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १५,४०० लिटर. हिरवळ जगवायची तर विदर्भाच्या मे महिन्यात सामना असो वा नसो, पाणी द्यावेच लागते, आणि जामठ्यात वाचलेले पाणी लातूरला जाणार नव्हते. आदेशाचे मोल प्रतीकाचे होते. त्या उन्हाळ्यात ते प्रतीक गरजेचे होते, असे म्हणणारेही शहरात पुष्कळ होते.

सामना असा हलला की तिकिटाची छापील किंमत परत येते, ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात. ऑनलाइन बुकिंगचे सेवाशुल्क बहुतेकदा येत नाही. अमरावती, चंद्रपूर किंवा गोंदियाहून येणाऱ्याचे रेल्वेचे आरक्षण आणि लॉजची आगाऊ रक्कम हा त्याचा त्याने सोडवायचा प्रश्न.