ईपॉन आणि जीपॉन : पावर बरोबर, तरी नेट का नाही?

ईपॉन आणि जीपॉन या फायबरवरून (काचेच्या तारेवरून) नेट देण्याच्या दोन पद्धती. ओएलटी म्हणजे नेट देणाऱ्याकडचं मुख्य यंत्र, स्प्लिटर म्हणजे एका काचेतला उजेड अनेकांत वाटणारा तुकडा, ओएनयू म्हणजे ग्राहकाकडचा डबा. याहून जास्त इथं सांगत बसत नाही. लातूर, परभणी, हिंगोलीकडं तालुक्याच्या गावी केबलसोबत नेट देणाऱ्यांना ते पाठ असतं. घोळ होतो तो जुना ईपॉन चालू असताना शेजारी नवा जीपॉन ओएलटी बसवला की. मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानात ओएनयू बदलला जातो, पावर मीटर उणे २० डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप) दाखवतो, कनेक्टर साफ असतो, तरी ओएनयूवरचा पॉनचा दिवा (ओएलटीशी जुळल्याची खूण) लुकलुकतच राहतो. मग पोरगा खांबावर चढून चांगलं स्प्लायसिंग (काचेचा जोड) तोडून पुन्हा करतो. ते पहिले थांबवा.

ईपॉन आणि जीपॉन दोन्ही १४९० नॅनोमीटरच्या उजेडावर खाली (ग्राहकाकडं) पाठवतात आणि १३१० नॅनोमीटरवर ग्राहकाकडून वर घेतात. पावर मीटर फक्त उजेड मोजतो, त्या उजेडात काय आहे ते त्याला कळत नाही. ईपॉनचा लाइन रेट (तारेवरचा वेग) दोन्हीकडं १.२५ गिगाबिट, जीपॉनचा खाली २.४८८ आणि वर १.२४४. फ्रेमची (डेटाच्या पाकिटाची) बांधणीही वेगळी. म्हणून ईपॉनचा ओएनयू जीपॉनवर कधीच लागणार नाही, ओएलटीची मॉड्यूलं (उजेड सोडणारे तुकडे) अदलाबदल होणार नाहीत, आणि एकाच स्प्लिटरवर दोन्ही ओएलटी चालणार नाहीत. काच, स्प्लिटर, ड्रॉप वायर मात्र तीच राहते.

स्पीडवरच लोक जास्त वाद घालतात, पण तिथं गुंता काहीच नाही. एका पोर्टवर ६४ ग्राहक असतील तर जीपॉन घ्या, विषय संपला.

खरा फरक नोंदणी झाल्यानंतरचा आहे, आणि जुने ईपॉनवाले इथंच अडकतात. ईपॉन म्हणजे आतून सरळ इथरनेट. ओएनयूचा मॅक (यंत्राचा स्वतःचा पत्ता) ओएलटीवर मंजूर झाला की बऱ्याच ओएलटींवर ट्रॅफिक आपोआप वाहू लागतं, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डचं लॉगिन) डायल होतं, काम संपतं. जीपॉनमध्ये ओएनयू ऑनलाइन दिसणं ही अर्धी वाट आहे. तिथं डेटा जेम पोर्टमधून (डेटाची आभासी वाट) जातो आणि वर पाठवायची वेळ टी-कॉन्टला (ओएनयूचा वर पाठवायचा वाटा) मिळते. टी-कॉन्ट बांधलाच नसेल तर ग्राहकाच्या राउटरची पीपीपीओईची पहिली हाकसुद्धा ओएलटीपर्यंत पोचत नाही. दिवा हिरवा, पावर उत्तम, आणि राउटर म्हणतो सर्व्हर उत्तर देत नाही. ओएलटी खराब नसतो, सर्व्हिस बांधायची राहिलेली असते.

क्रम असा ठेवा : सिरियल नंबर मंजूर करा, ओएनयू ओ-५ (चालू) अवस्थेत आला का पाहा, डीबीए प्रोफाइलसह (वर पाठवायचा वेग वाटण्याचा नियम) टी-कॉन्ट द्या, त्यावर जेम पोर्ट, जेमला व्हीलॅन (नेटवर्कचा नंबर दिलेला वेगळा कप्पा), शेवटी ओएनयूच्या लॅन पोर्टला तोच व्हीलॅन. तरी नेट नसेल तर ओएलटीच्या मॅक टेबलमध्ये राउटरचा मॅक शोधा. दिसत नसेल तर गडबड जेम किंवा व्हीलॅनच्या बांधणीत आहे. योग्य व्हीलॅनमध्ये दिसत असेल तर अपलिंकचा (ओएलटीच्या वरच्या बाजूचा) स्विच आणि पीपीपीओई सर्व्हर तपासा. राउटर मोडच्या (स्वतःच राउटरचं काम करणाऱ्या) ओएनयूत व्हीलॅन ओएनयूच्या वॅन (नेटकडच्या बाजूच्या) सेटिंगमध्येही टाकावा लागतो. एकीकडं टॅग (व्हीलॅनचा नंबर) आणि दुसरीकडं बिनटॅग असेल तर पाकीट वाटेतच पडतं.

स्टिकरवर मॅक आणि सिरियल नंबर, दोन्ही १२ अक्षरांचे. जीपॉनला सिरियल लागतो : पहिली चार अक्षरं कंपनीची, उरलेली आठ हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ). ह्युआवेच्या ओएलटीवर हाच नंबर १६ अंकी दिसतो, कारण ‘एचडब्ल्यूटीसी’ ही चार अक्षरं तिथं ४८५७५४४३ अशी उमटतात. मॅक टाकून वाट बघत बसू नका.

एक्सपॉन ओएनयू दोन्हीकडं लागतो हे खरं. पण ‘कुठंही चालतो’ म्हणून विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ओएमसीआय (ओएलटीवरून ओएनयूला हुकूम देण्याची पद्धत) प्रत्येक कंपनी आपापल्या तऱ्हेनं राबवते. परक्या ब्रँडचा ओएनयू ऑनलाइन येतो, पण ओएलटीवरून त्याचं वॅन सेटिंग बसेलच असं नाही. शंभर नग उचलायच्या आधी दोन नग आपल्याच ओएलटीवर पूर्ण सर्व्हिस बांधून बघा. टेबलावर तपासताना मध्ये १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (उजेड कमी करणारा तुकडा) हवाच. बी-प्लस (नेहमीच्या ताकदीचं) मॉड्यूल अधिक ५ डीबीएमपर्यंत पावर सोडतं आणि ओएनयूला उणे ८ च्या वरची पावर सोसत नाही.

तांड्यावरचं कनेक्शन द्यायच्या आधी गणित कागदावर करा. ओएलटीतून अधिक ४ सोडली, १२ किलोमीटर काचेत सुमारे ३ गेली, १:८ चे दोन स्प्लिटर मिळून २१, जोड आणि कनेक्टरांत दीड. ओएनयूला मिळाली उणे २१.५. बी-प्लसची हद्द उणे २७ आहे, म्हणजे साडेपाच डीबी हातात राहतात. त्यात उद्या रस्ता रुंदीकरणात तुटलेल्या काचेचे चार-सहा जोड सहज मावतात. तिथंच दुसरा स्प्लिटर १:१६ चा टाकला तर आणखी साडेतीन डीबी जातात. मग सी-प्लस (जास्त ताकदीचं) मॉड्यूल घ्या, नाहीतर ती वस्ती वेगळ्या पोर्टवर न्या.